वळणावरची 'कटकट' वेळीच ओळखा

पुणे-नाशिक महामार्ग सोडून गाडी जुन्नर किंवा घोडेगावच्या दिशेने वळली, की रस्त्याचा स्वभाव पालटतो. वळणे वाढतात, चढ-उतार सुरू होतात आणि पावसाळ्यानंतर खड्डेही सोबतीला येतात. अशा रस्त्यावर स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवताना पुढच्या चाकाकडून 'कट-कट' असा आवाज येऊ लागतो. गाडी सरळ होताच तो थांबतो आणि चालकही त्याला विसरतो. प्रत्यक्षात, इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टने दिलेली ही पूर्वसूचना असते.

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आणि सुटीत जुन्नर, आंबेगाव तालुक्यांतील गावी जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. नारायणगाव, मंचर, आळेफाटा येथे गाडी बिघडली तर गॅरेज जवळ असते. नाणेघाट, माळशेज किंवा भीमाशंकरच्या वाटेवर मात्र मदत पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. हाताला पाना-हातोड्याची सवय असलेल्या व्यक्तीला हा शाफ्ट घरच्या घरी बदलता येतो. पण त्यासाठी लागणारी तयारी आणि त्यातील धोके आधी समजून घ्यायला हवेत.

शाफ्ट नेमके काय करतो?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्समधून दोन शाफ्ट निघतात. एक डाव्या चाकाला जातो, दुसरा उजव्या. गॅरेजमध्ये त्यांना बहुधा 'एक्सल' असेच म्हटले जाते. या दांड्याला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. तो चाक फिरवितो, स्टिअरिंगबरोबर चाक वळले तरी फिरत राहतो आणि खड्ड्यात चाक खाली-वर झाले, की त्यानुसार स्वतःची लांबी कमी-जास्त करतो. चाकाकडील बाहेरचा सांधा वळणाचे काम सांभाळतो, तर गिअरबॉक्सकडील आतला सांधा लांबीचे.

जीपगाड्यांच्या लांब प्रोपेलर शाफ्टला 'क्रॉस' नावाचा सांधा असतो. कोनात फिरताना असा एकटा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवितो आणि दोनदा कमी करतो. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस बसवून हा फरक एकमेकांत जिरविता येतो. मात्र मोठ्या कोनात वळणाऱ्या चाकाला हा उपाय पुरत नाही. फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने १९२०च्या दशकात सहा पोलादी गोळ्यांचा सांधा तयार करून हा प्रश्न सोडविला. कोन कितीही बदलला तरी दोन्ही बाजूंचा वेग समान राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य. १९५९मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी मोटारीने याच प्रकारचा सांधा वापरला. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची सवय असलेल्या भारतीय ग्राहकाच्या घरी ही रचना १९८३मध्ये मारुती ८०० सोबत आली. १९९८मध्ये दाखल झालेली टाटा इंडिकाही पुढच्या चाकांवर चालणारी होती.

बोलेरो किंवा शेतमाल वाहणाऱ्या पिकअप गाड्यांत मात्र आजही ताकद मागच्या चाकांना प्रोपेलर शाफ्टने जाते. त्यामुळे पुढे दिलेली कृती त्यांना लागू पडत नाही.

सांध्याचे आयुष्य रबराच्या हाती

हा सांधा इतका मजबूत असतो, की नीट राखल्यास लाखभर किलोमीटरहून अधिक काळ सहज साथ देतो. मात्र त्याचे आयुष्य त्याच्यावर चढविलेल्या रबरी आवरणावर अवलंबून असते. घड्या असलेल्या या आवरणाला 'बूट' म्हणतात. बुटात ग्रीस भरलेले असते. वय, उष्णता किंवा रस्त्यावरच्या एखाद्या खड्याने रबराला चीर पडली, की फिरत्या शाफ्टमुळे ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्याच वाटेने पाणी, चिखल व धूळ आत शिरते. ग्रीसमध्ये मिसळलेली बारीक वाळू पोलादी गोळ्यांना पॉलिश कागदासारखी घासू लागते. गोळे सैल होतात आणि आवाज सुरू होतो.

सह्याद्रीलगतच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळाभर चिखल असतो, तर पूर्वेकडील गावांत उन्हाळ्यात धुळीचे रस्ते. सांध्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच घातक. म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा, स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागचा बूट बॅटरीच्या उजेडात पाहावा. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटला आहे असे समजावे. आवाज सुरू होण्यापूर्वी हे लक्षात आले, तर सांधा साफ करून नवे ग्रीस व नवा बूट बसविण्यावर भागते. आवाज सुरू झाल्यानंतर नुसता बूट बदलून उपयोग होत नाही. सांधा किंवा पूर्ण शाफ्टच बदलावा लागतो.

उतारावरचा खरा धोका

दुर्लक्षित सांधा शेवटी तुटतो किंवा निखळतो. एका बाजूचा शाफ्ट तुटला, की गिअरबॉक्समधील डिफरन्शिअल सगळी गती त्या मोकळ्या बाजूला देऊन टाकतो. इंजिन गुरगुरते, पण गाडी जागची हलत नाही. ही अडचण सपाटीवर नुसता मनस्ताप देते. घाटात तीच जिवावर बेतू शकते.

उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करण्याची सवय अनेकांना असते. शाफ्ट तुटलेला असेल, तर गिअर गाडीला धरून ठेवू शकत नाही. ऑटोमॅटिक गाडीतील 'पी' स्थितीचाही तेव्हा उपयोग होत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाक यांचा संबंधच तुटलेला असतो. अशा वेळी फक्त हँडब्रेक आणि चाकाला लावलेले दगड गाडी रोखतात. म्हणून घाटात गाडी अडल्यास आधी हँडब्रेक ओढावा, चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावावेत आणि मगच गाडीतील इतरांना रस्त्याच्या सुरक्षित कडेला उतरवावे.

या दोन तालुक्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. रात्री शेताकडेला एकट्याने वाकून किंवा बसून चाक तपासत राहू नये. गाडीचे इशारा दिवे लावून, शक्यतो आत बसूनच मदत मागवावी.

आधी निदान, मग खरेदी

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. वळताना कट-कट वाढत असेल, तर बाहेरच्या सांध्यावर संशय घ्यावा. सरळ रस्त्यावर वेग वाढविताना गाडी थरथरत असेल किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडता-दाबताना 'ठक्' असा धक्का बसत असेल, तर दोष आतल्या सांध्यात असण्याची शक्यता असते. वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर मात्र बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. तेथे शाफ्ट बदलणे म्हणजे पैसे वाया घालविणे.

इंजिन आडवे बसविलेल्या गाडीत गिअरबॉक्स एका बाजूला असल्याने डाव्या व उजव्या शाफ्टची लांबी सहसा वेगळी असते. दुकानात गाडीचे मॉडेल, वर्ष आणि चासी क्रमांक सांगूनच भाग घ्यावा. एबीएस असलेल्या काही गाड्यांत शाफ्टवर दातेरी कडे असते; जुन्या-नव्या कड्याचे दाते मोजून पाहावेत. सोबत गिअरबॉक्सचे ऑइल सील, नवा हब नट, नवी सर्क्लिप आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे गिअर ऑइल आणावे. जुना नट पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

जागा पक्की, तरच काम

गावाकडच्या घराचे सारवलेले अंगण कितीही सपाट दिसले, तरी जॅकखाली ते खचते. हे काम सिमेंटच्या सपाट कोब्यावरच करावे. जॅक हे केवळ गाडी उचलण्याचे साधन आहे. उचललेली गाडी नेमून दिलेल्या जागी मजबूत जॅक स्टँडवर टेकवावी. विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक अजिबात वापरू नयेत, ते अचानक फुटतात. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. शाफ्ट काढल्यावर गिअर गाडीला रोखत नाही, हा घाटातला नियम येथेही लागू आहे. स्टँडवर टेकवल्यानंतर गाडी हाताने हलवून पाहावी, काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे आणि काम करताना दुसरी प्रौढ व्यक्ती हाकेच्या अंतरावर असावी.

काम कसे होते?

सर्वांत अवघड टप्पा चाकाच्या मधोमध असलेल्या हब नटचा. गाडी जमिनीवर असतानाच तो सैल करावा. आधी नटाची ठोकून बसविलेली कड सरळ करावी किंवा स्प्लिट पिन काढावी. मदतनीसाने ब्रेक दाबून धरावा आणि योग्य मापाची गोटी व लांब दांडा लावून नट फिरवावा. उचललेल्या गाडीवर एवढा जोर लावल्यास ती स्टँडवरून घसरू शकते. त्यानंतर चाकाचे नट सैल करून गाडी उचलावी, स्टँड लावावे आणि चाक काढावे.

शाफ्ट बाहेर येताना गिअर ऑइल सांडते, म्हणून ते आधीच भांड्यात काढून घ्यावे. वापरलेले तेल शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

पुढे खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, की चाकाचा हब बाहेर ओढता येतो. काही गाड्यांत त्याऐवजी शॉकअ‍ॅब्झॉर्बरचे बोल्ट काढावे लागतात. तेव्हा बोल्टची मूळ जागा खुणेने नोंदवावी, अन्यथा चाकाचा कोन बिघडतो. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागल्यास तो तारेने बांधून ठेवावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. हबमध्ये अडकलेल्या शाफ्टवर थेट हातोडा मारल्यास आटे खराब होतात. मध्ये लाकडाचा तुकडा धरून हलकेच ठोकावे.

गिअरबॉक्सकडील टोक काढताना दांडा धरून ओढू नये. आतला सांधा सुटा होतो. सांध्याचे घर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉमी घालून, सीलला धक्का न लावता, ते हळूच उचकटावे. दोन्ही शाफ्ट बदलायचे असले, तरी एका वेळी एकच काढावा. दोन्ही एकदम निघाल्यास काही गाड्यांत डिफरन्शिअलमधील गिअर जागचे सरकतात आणि गिअरबॉक्स खोलण्याची वेळ येते.

जुना व नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, आटे आणि खाचा जुळतात का, हे पाहावे. नवे सील सरळ बसवून त्याच्या कडेला तेल लावावे. शाफ्ट आत ढकलताना सर्क्लिप बसल्याचा 'टिक्' असा आवाज येतो. सांध्याचे घर हाताने ओढून पाहावे; ते बाहेर आले, तर शाफ्ट बसलेला नाही. ही एक तपासणी चुकली, तर चालत्या गाडीत शाफ्ट निसटू शकतो.

अंदाज नको, मोजमाप हवे

हब, बॉल जॉइंट आणि चाक जागेवर बसवून हब नट आवळावा आणि मग गाडी खाली घ्यावी. नट सैल असताना चाकावर गाडीचा भार आला, तर बेअरिंग खराब होण्याची भीती असते. अंतिम आवळणी गाडी जमिनीवर असताना टॉर्क रेंचने करावी. अनेक छोट्या गाड्यांत हे मोजमाप २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलो वजन टांगण्याइतका जोर. नेमका आकडा आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्यावा. नट कमी आवळला तर बेअरिंग जाते, जास्त आवळला तर आटे. शेवटी नटाची कड ठोकून किंवा स्प्लिट पिन घालून तो बंदिस्त करावा.

गिअर ऑइल ठरलेल्या पातळीपर्यंत भरल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर सावकाश फेरी मारावी, दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घ्यावे आणि परतल्यावर गिअरबॉक्सखाली तेलाचा थेंब दिसतो का, हे तपासावे. पुढच्या ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.

कधी थांबावे?

पक्का कोबा, दोन मजबूत स्टँड आणि टॉर्क रेंच यांपैकी एकही गोष्ट हाताशी नसेल, तर हे काम गॅरेजवर सोपवावे. हब नट गंजून हलत नसेल, गाडी वॉरंटीत असेल किंवा विजेवर चालणारी असेल, तरीही तोच मार्ग योग्य. ज्यांना शाफ्टला हात लावायचा नाही, त्यांनाही चाकामागे वाकून बूट पाहणे मात्र जमण्यासारखे आहे. त्याला पाना लागत नाही, जॅक लागत नाही आणि वेळही दोन मिनिटांपेक्षा अधिक लागत नाही. माळशेज किंवा भीमाशंकरची वाट धरण्यापूर्वी सपाट जागी हँडब्रेक ओढून घेतलेली ही दोन मिनिटे घाटातील एक मोठे संकट टाळू शकतात.