जर्मन गणवेषातील हिंदी शिपाई

कोणाचेही दडपण नसता जो आपण होऊन एखादे कार्य अंगावर घेतो, त्यास आपण स्वयंसेवक म्हणतो. परंतु तारेच्या कुंपणाआड बसलेला युद्धकैदी ‘मी स्वेच्छेने येतो’ असे म्हणाला, तर ती स्वेच्छा कितपत समजावी? दुसऱ्या महायुद्धात सुमारे अडीच हजार हिंदी शिपायांनी जर्मन गणवेष अंगावर चढविला. त्यांची हकीकत वाचताना हा प्रश्न पदोपदी उभा राहतो.

जर्मनीच्या बाजूने लढणारे परदेशी त्या काळी पुष्कळ होते. स्पेनची ‘निळी डिव्हिजन’ १९४१ पासून १९४३ पर्यंत रशियाच्या आघाडीवर होती. नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जम व फ्रान्स येथूनही तुकड्या उभ्या राहिल्या. कोणास साम्यवादाचा द्वेष होता, कोणास साहसाची हौस, तर कोणास पोटाची चिंता. हिंदी शिपायांपुढे मात्र स्वदेशाच्या मुक्ततेचे ध्येय ठेवण्यात आले होते.

सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले आणि त्याच वर्षी तेथे ‘आझाद हिंद केंद्र’ सुरू झाले. ह्या केंद्रात काम करणाऱ्यांत गणपुले हे महाराष्ट्रीय गृहस्थही होते. त्यांनी पुढे १९५९ मध्ये त्या दिवसांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. पलटणीसाठी माणसे हवी होती, ती मुख्यतः कैद्यांच्या छावण्यांतून मिळाली. उत्तर आफ्रिकेतील लढायांत हजारो हिंदी शिपाई शत्रूच्या हाती सापडले होते. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटणही कैद झाली.

ह्या शिपायांनी इंग्रज सरकारच्या चाकरीची शपथ पूर्वीच घेतलेली होती. सुभाषबाबू छावणीत बोलावयास गेले, तेव्हा प्रथम पुष्कळांनी त्यांना विरोध केला, आणि बहुसंख्य कैदी शेवटपर्यंत कैदीच राहिले. जे आले, त्यांची ‘आझाद हिंद’ पलटण झाली. जर्मन दप्तरी ती पायदळ रेजिमेंट ९५०. तिच्यात हिंदू, मुसलमान व शीख एकाच तुकडीत राहत, एकत्र जेवत आणि ‘जय हिंद’ म्हणून परस्परांस वंदन करीत. इंग्रजी सैन्यात जातवार तुकड्या असत, हे ध्यानात घेता ही गोष्ट लहान नव्हती. मात्र त्यांच्या नव्या शपथेत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबरोबर हिटलरच्या आज्ञापालनाचाही समावेश होता.

पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषबाबू पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले. त्याच सुमारास स्टालिनग्राड येथे जर्मनांचा पराभव झाला आणि रशियातून हिंदुस्थानकडे येण्याची आशा मावळली. पलटण हॉलंडच्या किनाऱ्यावर पाठविण्याचे ठरले, तेव्हा काही शिपायांनी हरकत घेतली. आपण स्वदेशासाठी आलो, ह्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांस शिक्षा झाल्या. हॉलंडनंतर फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळचा समुद्रकिनारा त्यांच्या वाट्यास आला. १९४४ च्या माघारीत पलटणीतील काही जणांकडून फ्रेंच खेडुतांवर अत्याचार झाले, आणि फ्रेंचांनीही हाती सापडलेल्या काहींना गोळ्या घातल्या. जी पलटण हिंदुस्थान मुक्त करण्यास निघाली, तिला हिंदुस्थानची सीमा कधी दिसलीच नाही.

त्याच युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांना उचलून सुरक्षित स्थळी नेले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. तेही परक्या राजाचेच शिपाई होते. तेव्हा एकास देशभक्त व दुसऱ्यास गुलाम, अथवा एकास इमानी व दुसऱ्यास फितूर, असे एका शब्दात म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या हकीकतीतून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. ध्येय कितीही उज्ज्वल असो, ते गाठण्यासाठी आपण आपला हात कोणाच्या हाती देतो, हेही तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे. शिपाई आपले ध्येय मनात घेऊन जातो; पण बंदूक कोणावर रोखावयाची, हे ज्याची आज्ञा त्याने मानली तो ठरवितो. हॉलंडला जाण्यास हरकत घेणाऱ्यांस हे उमगले होते. पण तोपर्यंत त्यांची शपथ घेऊन झाली होती.