भादाण्याचा ताम्रपट आणि विद्याधराचे वंशज

कल्याणची खाडी ओलांडून कोनगावात शिरलं की भिवंडी तालुका सुरू होतो. यंत्रमाग आणि गोदामांच्या याच तालुक्यातलं भादाणे हे गाव शिलाहार राजा अपराजित याने शके 919, म्हणजे इ.स. 997 मध्ये, जवळच्याच लोनाडच्या लोणादित्य मंदिराला दान दिलं. त्याचा ताम्रपट सापडलेला आहे.

ताम्रपट म्हणजे त्या काळचा सातबारा, अशी एक समजूत. गाव कोणतं, कोणाला दिलं हे त्यात असतंच. पण तिथवर पोचण्याआधी राजांची लांबलचक वंशावळ वाचावी लागते.

तांब्यावर कोरली म्हणून ती खरी, असंही नाही. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांचे नवव्या शतकातले शिलालेख आहेत ते पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी हे शिलाहार अस्सल राजे. पण घराण्याचं मूळ जातं थेट जीमूतवाहनापर्यंत! नागाला वाचवायला गरुडापुढे स्वतःचा देह टाकणारा हा विद्याधर कथेतला. ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड आला तो उगाच नाही.

राजे फक्त आपल्याच पूर्वजांचा डंका वाजवतात, हा समज तर भादाणे पुरता खोडून काढतो. इथे आधी राष्ट्रकूटांची वंशावळ येते, शिलाहार मागाहून. शेवटचा राष्ट्रकूट सम्राट कर्क याला चालुक्य तैलपाने उलथवलं, हेही त्यात नमूद आहे. त्या गोष्टीला तेव्हा जवळपास दोन तपं उलटली होती. बुडालेल्या धन्याची पिढीजात यादी कोण कशाला कोरेल? शिलाहारांना कोकण मिळालं ते राष्ट्रकूटांच्या कृपेने. आपला हक्क त्या जुन्या, मानाच्या घराकडून आलाय, तैलपाकडून नव्हे, हे सांगण्याची ही धूर्त रीत दिसते.

असली पुराणं आपल्याकडेच, असं समजणाऱ्यांनी युरोपातल्या पवित्र रोमन सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनची छापील कमान पाहावी. जर्मन चित्रकार ड्यूरर आणि त्याच्या सहकाऱ्यांचं हे काम, 195 लाकडी ठशांवरून छापलेलं, सुमारे साडेतीन मीटर उंच. त्यावर 1515 हे साल आहे. मधोमध वंशवृक्ष, आणि त्याच्या मुळाशी ट्रॉय नगरी! फरक प्रसाराचा. कमानीच्या शेकडो प्रती निघाल्या, त्या भिंतींवर लावण्यासाठीच. ताम्रपट मात्र दान घेणाऱ्याकडेच राहायचा. तरी मजकूर टिकला, कारण दरबारात साचा तयार होता: अपराजिताचा नातू छित्तराज याच्या 1026 च्या भांडुप ताम्रपटातही जीमूतवाहन हजर आहेच.