स्लोव्हेन्स्की राय
स्लोव्हेन्स्की राय : पूर्व स्लोव्हाकियातील चुनखडकांचा डोंगराळ प्रदेश व राष्ट्रीय उद्यान (१९८८). नावाचा अर्थ ‘स्लोव्हाक नंदनवन’. ओढ्यांनी खडक खोलवर कापून येथे अरुंद घळी निर्माण केल्या असून पुष्कळ ठिकाणी ओढ्याचे पात्र हीच वाट होय. पात्रावर ओंडक्यांचे साकव आहेत. धबधब्यांच्या कड्यांना लोखंडी शिड्या व साखळ्या बसविल्या आहेत. ‘सुखा बेला’ या घळीच्या नावात ‘कोरडी’ असा अर्थ असला, तरी पावसानंतर तेथील शिड्या तुषारांनी निसरड्या होतात. अशा शिडीवर समोरासमोर आलेल्यांना बाजूला होण्यास जागाच नसते. त्यामुळे बहुतेक घळींतून केवळ प्रवाहाविरुद्ध चढून जाण्याची मुभा असून परतीची वाट पठारावरून आहे. किसेल घळ १९७६ च्या वणव्यानंतर दीर्घकाळ बंद होती. २०१६ मध्ये तेथे पोलादी दोराचा मार्ग खुला झाला. त्यावर कमरपट्टा व शिरस्त्राण लागते.