छर्ऱ्याची वाट

बॅगाटेलचा बोर्ड ज्यांच्या घरी होता, त्यांना त्याचा आवाज आधी आठवतो. स्प्रिंगचा दांडा सुटल्याचा धप्पकन आवाज, मग लोखंडी छर्रा गल्लीतून घरंगळत वर जातो, कमानीला घासून वळतो आणि खिळ्यांवर टणटण आपटत खाली येतो. दोन-अडीच फूट लांबीची फळी, वरची बाजू गोल, खिळ्यांची अर्धवर्तुळं, प्रत्येक अर्धवर्तुळात रंगवलेला आकडा. एवढंच यंत्र. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कॅरम आणि सापशिडीच्या जोडीला हा बोर्ड भिंतीशी टेकून उभा असायचा.

वऱ्हाडच्या उन्हाळ्याला तर हा खेळ फारच मानवला. पारा ४५ च्या आसपास गेला की पातूरच्या डोंगरावरून येणारा वाराही भाजतो. अशा दुपारी पोरांना घरात बसवून ठेवायचं म्हणजे हाताला काहीतरी काम हवं, आणि बॅगाटेलमध्ये हार-जीत पटकन ठरते. आता हे बोर्ड माळ्यावर आहेत. स्प्रिंगला गंज, खिळे वाकलेले, फळीला पोक. टाकवत नाही आणि खेळताही येत नाही, अशा अवस्थेत.

हा बोर्ड दुरुस्त कसा करायचा, याचा विचार करताना त्याच्या धाकट्या भावाकडे पाहावं लागतं. तो भाऊ म्हणजे पिनबॉल. जुनं पिनबॉल यंत्र पुन्हा चालतं करणं ही जगात आता एक रीतसर विद्या झाली आहे, तिचे जाणकार आहेत, त्यांच्यात वाद आहेत, सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. माळ्यावरच्या बोर्डाला त्या विद्येतून बरंच शिकता येतं.

दोघांचं मूळ एकच. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये बिलियर्डच्या टेबलाला छोटं करून, त्यावर खुंट्या आणि खळगे करून काठीने चेंडू ढकलायचा खेळ निघाला. काठी जाऊन तिथे स्प्रिंगचा दांडा आला तो अमेरिकेत. सिनसिनाटी शहरात स्थायिक झालेल्या मॉंटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज माणसाने १८७१ साली बॅगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. आपल्या घरातल्या बोर्डावरचा दांडा हा त्या पेटंटाचाच वारस आहे.

पुढची साठ वर्षं फार काही घडलं नाही. मग मंदी आली. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ नावाचं यंत्र दुकानांच्या काउंटरवर ठेवायला सुरुवात केली. एका पेनीत मूठभर गोळ्या खेळायला मिळत, आणि हाताला काम नसलेल्या माणसाला तेवढी पेनी परवडत होती. मागणी इतकी वाढली की रेमंड मोलोनी या विक्रेत्याला पुरेशी यंत्रं मिळेनात. त्याने १९३२ साली स्वतःचंच ‘बॅलीहू’ यंत्र काढलं. बॅली कंपनीला नाव मिळालं ते यावरून.

त्यानंतरचं मोठं नाव हॅरी विल्यम्सचं. १९३३ सालच्या त्याच्या ‘कॉन्टॅक्ट’ या यंत्रात बॅटरीवर चालणारी कॉईल होती आणि ती खळग्यात पडलेला छर्रा पुन्हा बाहेर उडवत असे. खेळणारे यंत्र उचलतात, हलवतात, खालून ठोसे मारतात, यावरही त्याने उपाय शोधला. पुढे तो लंबकाच्या रूपात स्थिरावला: एका कडीच्या मधोमध लोंबणारं वजन. यंत्र जास्त हललं की वजन कडीला टेकतं आणि डाव तिथेच संपतो.

पण छर्रा एकदा सुटला की माणसाच्या हातात फारसं काही उरत नसे. म्हणूनच हा जुगार आहे, असं म्हणणाऱ्यांचा जोर वाढला. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी शहरात पिनबॉलवर बंदी घातली. पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली आणि घणाने फोडली. बंदी १९७६ पर्यंत टिकली. ती उठली तेव्हा रॉजर शार्प नावाचा तरुण लेखक नगर परिषदेच्या सदस्यांसमोर यंत्रापाशी उभा राहिला, छर्रा कुठल्या गल्लीतून जाईल ते आधी सांगितलं आणि दांडा सोडला. छर्रा तिथूनच गेला. खेळात कौशल्य आहे, याचा पुरावा म्हणून तो एक फटका पुरला.

कौशल्याची ही जागा १९४७ साली तयार झाली होती. गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्सने सहा फ्लिपर बसवले. बटण दाबलं की झटक्यात फिरून छर्ऱ्याला वर फेकणारे हे छोटे दांडे. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कोर्डेकने ‘ट्रिपल ॲक्शन’मध्ये सहाचे दोन केले आणि ते तळाशी आणले. तेव्हापासून पिनबॉलचं रूप तेच आहे.

या काळापासून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या यंत्रांना विद्युत-यांत्रिक म्हणतात. त्यांत संगणकाची चिप नाही, सर्किट बोर्ड नाही. गुण मोजणं, पाळी कोणाची ते लक्षात ठेवणं, दिवे लावणं, घंटा वाजवणं, हे सगळं रिले, कॉईल, दात्यांची चाकं आणि पितळी पत्त्या करतात. पेटीचं झाकण उघडलं की कापडी आवरणाच्या रंगीत तारांचं जंगल दिसतं आणि पहिल्यांदा पाहणारा हबकतो. हबकायचं कारण मात्र नाही. पातूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर ठाऊक असतो. कॉईलला वीज मिळाली की ती लोखंडी पट्टी ओढते, पॉईंट जुळतात, पंप सुरू होतो. व्होल्टेज पडलं की कॉईल गुणगुणते, पॉईंट काळे पडतात, मग लाइन बंद करून ते घासावे लागतात. पिनबॉलच्या पोटात असेच लहान लहान स्टार्टर डझनांनी एकमेकांना जोडलेले असतात.

म्हणूनच हे काम वऱ्हाडातल्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचं नाही, असं मला ठामपणे वाटतं. विल्यम्स कंपनीच्या फ्लिपरच्या कॉईलवरची चिठ्ठी पाहा. तिच्यावर तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या छापलेली असते: २१ गेजचे ३७५ वेढे आणि २८ गेजचे ४००. अकोल्यातल्या मोटर वायंडिंगच्या दुकानात जळलेल्या कॉईलसाठी याहून जास्त माहिती लागत नाही.

एकाच कॉईलवर दोन तऱ्हेचे वेढे का, हे समजलं की यंत्राची अक्कल समजते. जाड तारेचे थोडे वेढे जोरदार धक्का देतात, पण वीज सतत वाहिली तर काही क्षणांत जळतील. म्हणून फ्लिपर पूर्ण वर गेला की एक पत्ती उघडते आणि वीज बारीक तारेच्या वेढ्यांतूनही वळते. आता ताकद थोडी, पण बटण दाबून धरलं तरी कॉईल तापत नाही. ही पत्ती मळली तर फ्लिपर दुबळा होतो. ती उघडलीच नाही तर कॉईलमधून धूर निघतो. ‘फ्लिपरमध्ये जोर नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा नवी कॉईल हे नसतंच. ही पत्ती साफ करणं आणि झिजलेले सांधे बदलणं, हे असतं.

पत्त्या साफ करायची रीतही जपून पाळावी लागते. स्टार्टरचे पॉईंट जाड असतात, पॉलिश पेपर सोसतात. पिनबॉलच्या रिलेचे पॉईंट टाचणीच्या डोक्याएवढे. तिथे अगदी बारीक, लवचिक कानस एक-दोनदाच फिरवायची. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पत्त्यांना तीही चालत नाही. कोरा कागद मध्ये धरून ओढायचा, बस्स.

आणखी एक सवय मोडावी लागते, तेल घालायची. अडकलं की तेल सोडायचं, हा आपल्याकडचा पहिला इलाज. पिनबॉलच्या कॉईलमधला लोखंडी दट्ट्या मात्र कोरडाच चालतो. तेल घातलं की धूळ धरते, उष्णतेने त्याचा डिंक होतो आणि दट्ट्या आणखी अडकतो. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा तर पेट घेऊ शकतो, कारण शेजारीच पॉईंट ठिणग्या टाकत असतात. जुन्या यंत्रातली निम्मी दुखणी मागच्या माणसाने मायेने घातलेल्या तेलाची असतात. दात्यांच्या चाकाची जोडणी उतरवायची, स्पिरिटने धुवायची, कोरडी बसवायची.

अमेरिकेत वापरलेलं यंत्र भारतात आलं तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तो फरक ट्रान्सफॉर्मरने मिटतो. पण तिकडची वीज सेकंदाला ६० फेऱ्यांची, आपली ५० ची, आणि ते ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. गुण मोजणारी मोटर त्या फेऱ्यांच्या तालावर फिरते, त्यामुळे ती सहाव्या हिश्शाने मंद चालते. युरोपसाठी बनलेलं यंत्र मिळालं तर हा प्रश्न येत नाही.

विजेचं काम कठीण दिसतं, पण त्याला नकाशा असतो. कंपन्या प्रत्येक यंत्रासोबत सर्किटचा मोठा कागद देत. खरी कसोटी लागते खेळाच्या पृष्ठभागावर, म्हणजे काचेखालच्या रंगवलेल्या फळीवर.

छर्रा २७ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे ८० ग्रॅम वजनाचा, पोलादी. वर्षानुवर्षं तो ठरावीक वाटांनीच धावतो. फ्लिपरच्या समोर, खळग्यांच्या तोंडाशी, धक्का देणाऱ्या बंपरांच्या खाली लाखेचा थर जातो, मग रंग उडतो, मग लाकूड उघडं पडतं. उघड्या लाकडात ओल शिरली की तंतू फुगतात आणि छर्रा तिथे अडखळून भलतीकडे वळतो. म्हणून पहिलं काम सगळ्यात स्वस्त आहे: जुने छर्रे काढून नवे घालायचे. खड्डे पडलेला गंजका छर्रा म्हणजे फळीवर दिवसभर फिरणारा पॉलिश पेपरच. मग रबराच्या कड्या. कडक झालेल्या रबरावरून छर्रा उसळत नाही, मरतो.

रंग भरताना कुठली छटा धरायची? दिव्यांच्या उजेडाने मूळ लाल विटलेला असतो. पण एखादा खांब काढला की त्याच्या बुडाशी कधीही उजेड न लागलेला एक लाल ठिपका सापडतो, पहिल्या दिवसासारखा. तो पाहून सगळी फळी तशीच झळझळीत करायचा मोह होतो. मोटारगाड्यांना देतात तसा दोन घटकांचा पारदर्शक थर देऊन फळी काचेसारखी करणारे खूप आहेत. काम देखणं होतं, यात वाद नाही. त्या रसायनाची वाफ घातक असते, ते साध्या फडक्याने नाक बांधून करायचं काम नव्हे.

माझं मत मात्र या बाबतीत जुन्या पद्धतीच्या बाजूचं आहे. पन्नास-साठच्या दशकांतली फळी लाखेची होती आणि उतारही आजच्यापेक्षा कमी. छर्रा तिच्यावर जरा रेंगाळत चालायचा. खेळ बेतणाऱ्याने तेवढा वेळ धरूनच खिळे, खांब आणि फ्लिपर यांची अंतरं ठरवली होती. त्यावर काचेसारखा थर चढवला की छर्रा जास्त चपळ होतो आणि यंत्र दुसऱ्याच स्वभावाचं होतं. म्हणून लाकूड उघडं असेल तिथे रंग भरावा, फुगवटा बसवावा, कडक मेण चोळावं आणि थांबावं. छर्ऱ्याची वाट बदलणारी झीज दुरुस्त करायची. पेटीच्या कडेवर, बटणांच्या भोवती माणसांच्या तळव्यांनी जी झीज केली आहे, ती तशीच राहू द्यायची.

यंत्राच्या मागच्या उभ्या काचेवरच्या चित्राला तर हात लावण्याआधी दहादा विचार करावा. ते काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेलं असतं. दिव्यांची उष्णता आणि दमट हवा यांनी रंगाचे पोपडे सुटतात. मागून ओलं फडकं फिरवलं की चेहरेच्या चेहरे फडक्यावर येतात. पुसायचं नाही, पारदर्शक फवाऱ्याने आहे तेवढं धरून ठेवायचं. मागचे दिवेही कमी तापणारे घालावेत. जुना ४४ क्रमांकाचा दिवा पाव अँपियर वीज खातो, ४७ क्रमांकाचा ०.१५. उजेड थोडा कमी, पण चित्राचं आयुष्य वाढतं.

आता आपला माळ्यावरचा बोर्ड. त्याला वीज नाही, चित्राची काच नाही, पण नियम तेच. छर्रे नवे घ्यावेत. बेअरिंगचे छर्रे गॅरेजमध्ये मिळतात, फक्त जुन्याचं माप सोबत न्यावं, कारण दोन खिळ्यांमधलं अंतर त्या मापावर ठरलेलं आहे. स्प्रिंग फार ताठ घालू नये, नाहीतर प्रत्येक छर्रा कमानीवरून थेट पलीकडे जातो आणि हाताच्या अंदाजाला काही अर्थ राहत नाही. फळीचा पोक काढायला ती सुताराकडून सपाट दाबून घ्यावी, पावसाळ्यानंतर, लाकूड सुकल्यावर. रंगवलेले आकडे दिसत असतील तर त्यांवरून पुन्हा ब्रश फिरवू नये.

आणि खिळे. पिनबॉलला कारखान्याचा कागद आहे. शिकागोत सत्तर वर्षांपूर्वी काढलेला नकाशा आजही छापून मिळतो. आपल्या बोर्डांना असा कागद नाही. कुठल्याशा सुताराने किंवा छोट्या कारखान्याने खिळ्यांची जी मांडणी केली, ती फक्त त्या फळीवरच आहे. वाकलेला खिळा उपटला, भोक लांबीने बुजवलं आणि नवा अंदाजाने ठोकला, की पन्नासच्या घरात जाणारा छर्रा कायमचा शंभरात जायला लागतो. तेव्हा पहिला खिळा उपटण्याआधी बोर्डावर मोठा कागद दाबून बसवावा आणि खिळ्यांची डोकी त्यातून वर येऊ द्यावीत. प्रत्येक भोकाशेजारी तिथला आकडा लिहावा, वाकलेल्या खिळ्याचा मूळ पाया कुठे आहे ते वेगळ्या रंगाने दाखवावं. कागदाच्या कोपऱ्यात घराचं नाव, गाव आणि बोर्ड घेतल्याचं आठवत असेल ते साल. मग पक्कड हातात घ्यावी.