हायब्रिड मोटार : बीडकराचा जमाखर्च

हायब्रिड मोटारीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीस विद्युत मोटर व लहानशी बॅटरी असते; ब्रेक लावताना एरवी उष्णतारूपाने वाया जाणारी ऊर्जा तीत अंशतः साठते, आणि म्हणूनच मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे येताना जी गाडी आपली बॅटरी विनामूल्य भरून घेते, तीच पुढे गेवराईच्या सरळ महामार्गावर एकसारख्या वेगाने धावू लागली की तिच्या काटकसरीस फारसा वाव उरत नाही.

वर्षाकाठी 12,000 किलोमीटर धाव आणि लिटरमागे साध्या गाडीचे 15, हायब्रिडचे 20 किलोमीटर गृहीत धरले, तर 800 ऐवजी 600 लिटर पेट्रोल लागते. 105 रुपये दराने बचत 21,000 रुपये. किमतीतील तफावत अडीच लाखांची असल्यास ती वसूल होण्यास सुमारे 12 वर्षे लागतील. बॅटरीची हमी मात्र बहुधा 8 वर्षांचीच.

सप्टेंबर 2025 पासून चार मीटरहून लांब हायब्रिडवर 40 टक्के, तर विद्युत मोटारीवर अवघा 5 टक्के जीएसटी आहे. सरकारची मर्जी कोणावर, हे उघडच दिसते. तेव्हा अंबाजोगाई-परळी अशी ठरावीक ये-जा आणि घरी चार्जिंगची सोय असणाऱ्याने विद्युत मोटार आधी पाहावी. पुण्याच्या वाहतुकीत वरचेवर अडकणाऱ्यास हायब्रिड अधिक मानवेल.