ओळख ख्रिस्ती उपासनेची : ग्रंथ कसा पारखावा?

मागील लेखात मिस्साविधीचा, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या ख्रिस्ती उपासनेचा, क्रम पाहिला. त्याचा इतिहास मुळातून वाचायचा तर कोणता ग्रंथ हाती घ्यावा? या विषयावर ग्रंथ उदंड आहेत, पण त्यांतला प्रत्येक लेखक कोणत्या ना कोणत्या पंथाचा आहे. म्हणून आधी कसोटी हवी. ती एका छोट्या ग्रीक पुस्तिकेत मिळते.

ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ‘दिदाखे’ची हस्तलिखित प्रत सापडली आणि १८८३ मध्ये त्यांनी ती छापली. आरंभकाळातील ख्रिस्ती मंडळीची ही नियमावली अवघ्या सोळा प्रकरणांची आहे. नवव्या व दहाव्या प्रकरणांत प्याला आणि भाकर यांवरच्या प्रार्थना आहेत, पण शेवटच्या भोजनातील येशूचे शब्द तिथे नाहीत. चौदावे प्रकरण मात्र रविवारच्या भाकर मोडण्याला यज्ञ, म्हणजेच बलिदान, म्हणते.

पुढे याच मुद्द्यावर पंथ दुभंगले. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२० साली मिस्सा हे बलिदान नव्हे असे ठणकावले, तर कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२ मध्ये ते खरेखुरे बलिदान असल्याचे जाहीर केले. आजचा लेखक चौदावे प्रकरण तेवढे पुढे करून बाकीची दोन गाळत असेल, किंवा याच्या उलट करत असेल, तर तो इतिहास सांगत नसून वकिली करत आहे असे समजावे.

ग्रंथाचे सालही पाहावे. अँग्लिकन बेनेडिक्टाइन मठवासी ग्रेगरी डिक्स यांचा ‘द शेप ऑफ द लिटर्जी’ १९४५ चा. घेणे, उपकारस्तुती, मोडणे आणि वाटणे या चार कृतींचा सांगाडा सर्व प्राचीन उपासनांत समान आहे, असे ते मांडतात. त्यांचा मोठा आधार म्हणजे रोमच्या हिप्पोलितसच्या नावावरचा ‘अपोस्टॉलिक ट्रॅडिशन’ हा प्राचीन उपासनाग्रंथ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोमन मिस्सात आलेली दुसरी युखारिस्तीय प्रार्थनाही (भाकर व द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना) त्याच्याच आधारे रचली गेली. पुढे उपासनेच्या इतिहासाचे अभ्यासक पॉल ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या भाष्यात दाखवले, की तो ग्रंथ एकहाती नाही. निरनिराळ्या काळांत त्यावर थर चढले आहेत. म्हणजे डिक्स यांचा पायाच हलला. तरी त्यांचा ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. तो नंतर वाचावा, आधी नव्हे.

बलिदानाच्या विषयासाठी जेझुइट अभ्यासक रॉबर्ट डेली यांचा १९७८ चा ‘ख्रिश्चन सॅक्रिफाइस’ घ्यावा. नव्या करारात ख्रिस्ती माणसाचे बलिदान विधीपेक्षा सेवामय जगण्यात अधिक दिसते, हा त्यांचा निष्कर्ष एका कॅथलिक धर्मगुरूकडून यावा, यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी ‘दिदाखे’, मग ब्रॅडशॉ यांचा ‘द सर्च फॉर द ओरिजिन्स ऑफ ख्रिश्चन वर्शिप’, पण १९९२ ची नव्हे, २००२ ची सुधारित आवृत्ती, त्यानंतर डिक्स आणि डेली. एकच ग्रंथ विकत घेणे शक्य असेल, तर तो ब्रॅडशॉ यांचा घ्यावा.