स्वच्छ डिझेल आणि दोन सरकारे

पुणे-मुंबई जुन्या महामार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या दरम्यान वसलेल्या, मावळातल्या कान्हे गावाचा दैनंदिन व्यवहार, मग ते फाट्यावरून टाकव्याच्या कारखान्यांकडे वळणारे मालट्रक असोत, आषाढात भातखाचरांची चिखलणी करणारे ट्रॅक्टर असोत किंवा वीज गेल्यावर सुरू होणारे जनित्र असो, बराचसा डिझेलवर अवलंबून आहे. आणि म्हणूनच त्या डिझेलच्या शुद्धतेवर अंमल राज्याचा की केंद्राचा, व नियम कडक झाले की पुरवठा आटतो काय, याविषयी जनसामान्यांत रूढ झालेल्या समजुती एकदा कायद्याच्या आणि व्यवहाराच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : डिझेल किती स्वच्छ असावे, हे प्रत्येक राज्य आपापल्यापुरते ठरवते.

वस्तुस्थिती : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीची ५३वी नोंद पेट्रोलियम व तज्जन्य पदार्थ हा विषय केंद्राच्या स्वाधीन करते. यंत्रचलित वाहने समवर्ती सूचीत असली, तरी १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ११०वे कलम वाहनांची बांधणी आणि त्यांचा धूर यांसंबंधी नियम करण्याची मुखत्यारी केंद्राकडेच ठेवते, आणि त्यातून जे शेष उरेल तेवढेच १११व्या कलमाने राज्याच्या वाट्यास येते. खुद्द डिझेलचे घटक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस १४६०’ या मानकात निश्चित केलेले आहेत. १९८१च्या वायुप्रदूषण कायद्याच्या १९व्या कलमान्वये, प्रदूषण मंडळाशी विचारविनिमय करून, ठरावीक क्षेत्रात अमान्य इंधनाचा वापर मना करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, हे खरे. परंतु त्या अधिकाराच्या आधारे महाराष्ट्राने आपले निराळे डिझेल निर्माण केलेले नाही.

गैरसमज : चांगले डिझेल पुण्या-मुंबईला जाते आणि महामार्गावरच्या खेड्यांना दुय्यम प्रतीचे मिळते.

वस्तुस्थिती : ही समजूत आज खोटी असली तरी निराधार मात्र नाही, कारण एके काळी कायद्यानेच असा भेद केला होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारलेले वाहन-इंधन धोरण २००३ साली जाहीर झाले, आणि त्यानुसार मोठ्या शहरांना एक पायरी पुढचे व उर्वरित देशाला एक पायरी मागचे इंधन देण्याची व्यवस्था अमलात आली. २०१० साली तेरा शहरांसाठी ‘भारत स्टेज चार’ लागू झाले, ज्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांपलीकडे जाता येत नव्हते, तर इतरत्र ‘स्टेज तीन’ आले, ज्यात ३५० भागांपर्यंत मुभा होती. त्या तेरा नावांत मुंबई होती, पुणे होते, सोलापूरही होते. मावळातील एकाही गावाचे नाव नव्हते. या द्विविध व्यवस्थेचा विचित्र परिणाम असा की, शहरात चांगले इंधन उपलब्ध असूनही, देशभर फिरून वाटेत मिळेल ते डिझेल भरणाऱ्या अवजड ट्रकांना जुन्याच मानाची इंजिने बसवली जात राहिली, आणि त्यांचा धूर त्याच शहरांतून वाहत राहिला. १ एप्रिल २०१७ रोजी ‘स्टेज चार’ सर्व देशास लागू झाले. पुढे ‘स्टेज पाच’ वगळून १ एप्रिल २०२० पासून ‘स्टेज सहा’ आले, आणि गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भागांवर आली. ही मर्यादा मलबार हिलच्या पंपाला आणि मावळातल्या पंपाला एकच आहे.

गैरसमज : दर निराळा, म्हणजे माल निराळा.

वस्तुस्थिती : डिझेलच्या विक्रीवरील कर हा राज्यसूचीतील विषय असून, वस्तू व सेवा कर आल्यानंतरही तो राज्यांच्या हाती राहिला आहे. त्यामुळे सीमेपलीकडच्या राज्यात दर बदलतो तो मुख्यत्वे करामुळे, आणि एकाच राज्यात गावोगावी थोडाफार बदलतो तो वाहतूकखर्चामुळे. मुंबई, ठाणे व नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीत पूर्वी डिझेलवर २४ टक्के मूल्यवर्धित कर होता व उर्वरित राज्यात तो २१ टक्के होता. १ जुलै २०२४ पासून त्या हद्दीतही तो २१ टक्के करण्यात आला. त्या दिवशी दर उतरला. डिझेल होते तेच राहिले.

गैरसमज : स्वच्छ इंधनाचा नियम आला की तुटवडा येतो.

वस्तुस्थिती : तुटवड्याची भीती सर्वथा काल्पनिक नाही. १९९३च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या संघसरकारने डिझेलमधील गंधकावर मर्यादा घातली, आणि त्याच दिवसापासून कॅलिफोर्निया राज्याने त्याखेरीज सुगंधी हायड्रोकार्बनांवरही स्वतःची अधिक कडक मर्यादा लागू केली, तेव्हा तेथे काही काळ दर भडकले आणि टंचाई जाणवली. कारण शेजारच्या राज्यातले डिझेल त्या राज्याच्या नियमात बसत नव्हते. आपल्याकडे नेमकी याच्या उलट रचना आहे. ‘स्टेज सहा’चा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाल्याने तेलशुद्धीकरण कारखान्यांना चार वर्षांची सवड मिळाली, त्यांनी सुमारे ३५ हजार कोटी रुपये खर्चून गंधक काढण्याची यंत्रणा उभारली, आणि दिल्लीत तर ते इंधन एप्रिल २०१८ मध्येच सुरू झाले. मुंबईतील माहुलचे कारखाने असोत की घाट चढून लोणी काळभोर व पुढे सोलापूरपर्यंत जाणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची नलिका असो, आता शहरासाठी एक आणि खेड्यासाठी दुसरे असे दोन प्रकारचे डिझेल सांभाळण्याची आवश्यकता उरलेली नाही, आणि एका भागात कमी पडल्यास दुसऱ्या भागातला माल बिनदिक्कत वळवता येतो. जानेवारी २०२४च्या आरंभी महाराष्ट्रात पंपांपुढे रांगा लागल्या, त्या अपघात करून पळणाऱ्या चालकांविषयीच्या नव्या दंडतरतुदीच्या निषेधार्थ टँकरचालकांनी काम थांबवल्यामुळे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, मग साठ्यातल्या डिझेलची शुद्धता कितीही असली तरी ते पंपावर पोहोचणार कसे?

गैरसमज : गंधक काढलेले डिझेल जुन्या इंजिनाला मारक असते.

वस्तुस्थिती : गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण घटतो, इतके सत्य, परंतु तो पूरक द्रव्याने भरून काढला जातो, आणि मानकात झिजेची मर्यादाही ४६० मायक्रॉन अशी बांधलेली आहे. खरा धोका उलट दिशेने आहे, कारण नव्या वाहनातील धूर शुद्ध करणारी यंत्रणा गंधकयुक्त वा भेसळीच्या इंधनाने निकामी होते. याच यंत्रणेसाठी लागणारे, ट्रकचालक ज्यास ‘डीईएफ’ किंवा नुसते ‘युरिया’ म्हणतात, ते द्रावण डिझेलमध्ये मिसळावयाचे नसून वेगळ्या टाकीत भरावयाचे असते.

गैरसमज : सारे केंद्राच्या हाती, तर राज्याकडे दाद मागण्यात अर्थ नाही.

वस्तुस्थिती : मान ठरवणे केंद्राचे असले, तरी ते पाळले जाते की नाही हे पाहण्याचे काम पुष्कळसे राज्याच्या अंमलदारांकडेच आहे. २००५च्या केंद्रीय आदेशान्वये भेसळीचा साठा तपासण्याचा व जप्त करण्याचा अधिकार त्यांना आहे; पंपाचे माप तपासणारी वैध मापन यंत्रणा राज्याची आहे; पीयूसी केंद्रांवर देखरेख परिवहन खात्याची आहे, आणि ती चाचणी धुराचा काळेपणा तेवढा मोजते, डिझेलची प्रत सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पाच लिटरच्या प्रमाणित मापाने माप तपासून मागणे आणि डिझेलची घनता नोंदवहीशी ताडून पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तेव्हा कान्हे येथील वाहनधारकास डिझेलचे मानच सैल वाटत असेल तर त्याने दिल्लीकडे पाहावे, कराचा बोजा वाटत असेल तर राज्याच्या विधिमंडळाकडे, आणि भेसळीचा संशय असेल तर वडगावच्या तहसील कचेरीतील पुरवठा शाखेकडे लेखी तक्रार करावी. योग्य दारी न गेलेली तक्रार कितीही रास्त असली तरी तिचा निवाडा होत नाही.